मराठवाड्यात राहून अमूर्त शिल्पकार व्हायचंय? मग वरवंट्यापासून सुरू करा

"सर, ॲबस्ट्रॅक्ट शिल्प करायचंय, पण मी राहतो गावाकडं, मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला काही नंबर लागला नाही, आता कसं करू?" असं विचारणारं एखादं पोरगं नाहीतर पोरगी दर दोन-तीन महिन्याला भेटतेच, आणि दरवेळी तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून यावेळी बसून लिहायलोय. मी परभणी जिल्ह्यातला, वीसेक वर्षं दगड, लोखंड आणि सिमेंटमधे काम करतोय, त्यात जे हाताला कळलं तेवढंच सांगतो.

पहिलं काम फुकटचं आहे. घरात पाटा-वरवंटा असला तर वरवंटा घ्या, डोळे मिटून मांडीवर ठेवा आणि दहा मिनिटं नुसता हात फिरवा. मोबाईल बाजूला. आमच्या आज्जीचा वरवंटा एका बाजूनं जास्त झिजलाय, दोन्ही टोकं निमुळती, मधे पोट, आणि जिथं तिचे तळवे टेकायचे तिथं दगड साबणासारखा गुळगुळीत झालाय. हा वरवंटा कशाचं चित्र आहे का? माणसाचं, पाखराचं, फळाचं? कशाचंच नाही. तरी त्याला आकार आहे, वजन आहे, हात लावला की बरं वाटतं. अमूर्त शिल्पाचा पहिला धडा मला तिथंच मिळाला, कॉलेजात नंतर.

दुसरं, गावाच्या शिवेवरचा म्हसोबा, मरीआई, नुसता शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देव म्हणून ठेवलेला गोटा. नाक-डोळे नाहीत, हात-पाय नाहीत, तरी म्हातारी माणसं चप्पल काढून हात जोडतात. माहूरच्या रेणुकामातेचं रूपसुद्धा तांदळाच म्हणतात. देवाला मी शिल्प म्हणत नाही, पण बिनचेहऱ्याच्या दगडापुढं उभं राहायची सवय आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आहे हे नक्की, त्यामुळं अमूर्त म्हणजे मुंबई-पॅरिसचं खूळ, आपल्याकडं कोणाला कळणार नाही, असं कुणी म्हणलं तर मला ते मनापासून पटत नाही.

आता हाताचा अभ्यास. पोळ्याचा बैल करा. शेतातली काळी माती आणू नका, ती ओली असताना फुगते नि वाळताना आकसते, रात्रीतून भेगा पडतात. कुंभाराकडं जा, तो तळ्यातला गाळ चाळून त्यात राख नाहीतर लीद मिसळतो, ती माती मागून आणा. दहा बैल करायचे, सगळे वीतभर. पहिला जसा आहे तसा, शिंगं, कान, गळ्याखालची पोळी, वशिंड, शेपटी सगळं. दुसऱ्यात कान काढा. तिसऱ्यात शेपटी अंगातच दाबा. असं करत सहाव्या-सातव्याला नुसतं वशिंड आणि तिथून मानेकडं उतरणारा उतार राहतो, आणि गंमत म्हणजे तरी बैलच दिसतो, उलट जास्त जोरकस दिसतो. आठव्यापासून बैल सोडून द्या आणि फक्त पुढं झुकलेलं वजन करायचा प्रयत्न करा. इथं लय जण अडकतात, मी दोन महिने अडकलो होतो. सातव्यापर्यंत तुम्ही कशातून तरी काढत असता, आठव्यापासून कशातूनच नाही, आणि हे दोन्ही रस्ते अमूर्ताचेच आहेत, कुठला आपला ते हाताला ठरवू द्या. सावलीत वाळवा आणि दहाच्या दहा ओळीत मांडून ठेवा, मोडू नका.

मोठ्या शिल्पकारांची आयुष्यं वाचा, पण नुसती कामं बघून थांबू नका, माणूस पोटाला काय करायचा, कुणाकडं शिकला, कधी सोडून निघाला ते बघा. ब्रांकुशी १८७६ साली रुमानियातल्या खेड्यात जन्मला, लहानपणी मेंढरं राखायचा, लाकूडकाम शिकला, पॅरिसला पोचला आणि १९०७ मधे रोदँसारख्या मोठ्या फ्रेंच शिल्पकाराच्या स्टुडिओत कामाला लागला, तो जेमतेम दोन महिन्यात बाहेर पडला. मोठ्या झाडाखाली काही वाढत नाही असं तो म्हणाला म्हणून सांगतात. त्यानंतर त्यानं माती लिंपून साचे काढण्यापेक्षा थेट दगडावर टाकी, म्हणजे टोकदार छिन्नी, चालवायला घेतली. आणि आपल्यासाठी यात एक जवळचा धागा आहे बरं का. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हे आपल्याकडं शाळकरी पोराला पण माहीत असतं, त्याच होळकर घराण्यातल्या दुसऱ्या यशवंतरावांनी ब्रांकुशीचे तीन 'पक्षी' घेतले, एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या, आणि त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचं ठरवून त्याला बोलावलं. १९३८ मधे तो इंदूरला आला पण, मंदिर मात्र झालं नाही. संगमरवराचे दोन्ही पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या म्युझियममधे आहेत.

आपल्या इकडचं बघायचं तर आदी दाविएरवाला. औषधाच्या कंपनीत केमिस्ट, नोकरी करत करत ना. ग. पानसऱ्यांकडं शिल्प शिकले आणि पुढं देशातल्या महत्त्वाच्या अमूर्त शिल्पकारांत गणले गेले, त्यामुळं "नोकरी आहे म्हणून जमत नाही" असं कुणी म्हणलं की मला त्यांची आठवण येते. पिलू पोचखानवाला यांनी भंगार धातू जोडून कामं केली. आणि मृणालिनी मुखर्जी, १९४९ चा जन्म, बडोद्याला शिकलेल्या, यांनी तर दोरखंड घेतला, रंगवला आणि हातानं गाठी मारत मारत माणसाच्या उंचीची शिल्पं उभी केली, एकेका कामाला महिनोन्‌महिने. अंबाडीचा वाक आणि दोर वळणारी म्हातारी माणसं आपल्या गावात अजून सापडतील, त्यांच्याकडं बसून गाठी शिका, याला ना वीज लागते ना महागडं हत्यार.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन ठेवा, बारावीनंतर एएसी सीईटी (राज्याची कला प्रवेश परीक्षा) द्या, शिल्पकलेसाठी मुंबईचं जेजे, बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी, शांतिनिकेतन ही नावं पहिली. नंबर लागला तर आनंदानं जा, कारण सोबत काम करणारी चार पोरं मिळतात ही गोष्ट मोठी आहे. नाही लागला तर पाथरवट गाठा. मी डिग्री असून पण दगड शिकलो तो जात्याला टाकी लावत गावोगाव फिरलेल्या एका वडार मामांकडं.

मामांनी पहिल्या दिवशी मला हातोडी दिलीच नाही. खदानीवर नेलं आणि एकेका दगडावर हलकं ठोकून आवाज ऐकायला लावला. खणखणला तर आतून निरोगी, बद्द वाजला तर आत चीर. शंका असली तर बादलीभर पाणी ओता आणि वाळताना बघत बसा, सगळा दगड वाळला तरी चीर ओल धरून ठेवते, काळी रेघ दिसते. मी घाई करून हे न बघता एक दगड घेतला होता, चाळीस दिवसांचं काम झाल्यावर तो दोन तुकडे होऊन पडला. तेव्हापासून बादली आधी.

आपला दगड काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. एक घनफूट ८० ते ८५ किलो भरतो, तेव्हा पहिलं काम फुटबॉलपेक्षा मोठं करू नका, नाहीतर उलटायला दरवेळी चार माणसं बोलवावी लागतील. आधी घण-छिन्नीनं मोठे टवके, मग टाकी. टाकी पार उभी धरून जोरात मारली की दगडात आतवर पांढरा डाग उमटतो आणि तो पॉलिश करताना अगदी शेवटी वर येतो, तेव्हा काही करता येत नाही. मामा म्हणायचे, "बाळा, दगडाला मुका मार देऊ नको." शेवटचं बोटभर राहिलं की टाकी तिरपी आणि हात हलका. साध्या पोलादाची टाकी बेसाल्टवर दिवसात कितीदा तरी बोथट होते, ती लोहाराकडून पाजवून आणायची, आणि पाणी देताना तिथं थांबून बघा: टोक लाल करून ठोकतो, फक्त टोक पाण्यात बुडवतो, घासतो, मग मागची उष्णता पुढं सरकत येते आणि टोकावर ज्वारीच्या वाळल्या धाटासारखा पिवळा रंग चढतो, त्या क्षणी पुन्हा पाण्यात. उशीर झाला तर टोक मऊ, घाई झाली तर ठिसूळ. हल्ली कार्बाइडच्या टिपेची टाकी मिळते, ती बरेच दिवस टिकते, पण आडवा मार बसला की टीप उडते.

ग्राइंडर वापरायला हरकत नाही. डायमंड ब्लेडनं बोटभर अंतरावर समांतर चरे पाडा आणि मधल्या भिंती छिन्नीनं उडवा. ही युक्ती नवी नाही, अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथं आधी चर खोदायचे नि मधला दगड फोडून काढायचा हे काम थांबलं तसंच दिसतं, मी पोरांना वेरूळच्या कैलासाच्या आधी ते दाखवतो. कैलास बघाच, वरून खाली कोरत आणलंय, एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही हे तिथं अंगावर येतं. जमलं तर नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला पण जा, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत, अख्खी मूर्ती नाही, नुसते तुकडे, आणि एवढा मोठा तुकडा जवळून बघितला की तो कशाचा आहे हे क्षणभर विसरायला होतं.

धूळ. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क, गॉगल आणि ब्लेडवर पाणी सोडत काम, आणि पाण्याजवळ वीज असते म्हणून ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवलेल्या लाईनवरच मशीन लावा. बारीक सिलिका एकदा फुप्फुसात बसली की निघत नाही, ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात ती जास्त असते. पाथरवटांच्या घरातला खोकला मी ऐकलाय.

लोखंडाचं काम करायचं असेल तर भंगारवाल्याशी ओळख वाढवा, बैलगाडीच्या चाकाची धाव, वखराची फास, फाळ, रोटाव्हेटरची पाती हा माल जालन्याच्या मिलमधे वितळायला जायच्या आधी गाठायचा. फाळ आणि पाती कडक पोलादाची असतात, वेल्डिंग करून लगेच पाणी मारलं तर जोडाशेजारी तडा जातो, राखेत पुरून हळू गार होऊ द्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप येतो, वरचा जस्ताचा थर घासून काढा आणि उघड्यावरच करा. सिमेंटचं काम उन्हाळ्यात नको, निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवावं लागतं आणि एप्रिल-मेमधे आपल्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार. दिवाळीच्या आसपास करा. रामकिंकर बैज यांनी १९३८ मधे शांतिनिकेतनला 'संथाळ कुटुंब' सिमेंट आणि मुरमाड खडीत केलं, ते अजून तिथं उभं आहे, त्यामुळं ब्राँझला पैसे नाहीत म्हणून रडत बसू नका.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिली काही वर्षं अमूर्त कामावर घर चालत नाही. बहुतेक जण पुतळ्यांची कामं करतात, मी पण केली, (चौकातल्या पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, ती मिळाल्याशिवाय साचा काढू नका) नाहीतर कलाशिक्षक होतात. यात कमीपणा काही नाही, फक्त आठवड्याचे दोन दिवस आपल्या कामाचे म्हणून आधीच बाजूला काढा आणि त्या दिवशी लग्नाला सुद्धा जाऊ नका. राज्य कला प्रदर्शन, ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन, १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी इथं दरवर्षी पाठवत राहा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज आत्ताच टाका, तारीख मिळायला वर्षं जातात. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात, मागं साधी करडी चादर, चारही बाजूंनी, आणि एका फोटोत शेजारी माणूस उभा, म्हणजे आकार कळतो. किंमत ठरवताना माल, तुमची रोजंदारी, हत्यारांची झीज, वाहतूक, आणि गॅलरीचा हिस्सा जो साधारण तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत जातो, हे सगळं वहीत लिहा. माझं एक काम ट्रान्सपोर्टमधे मानेत मोडून आलं, वर नुसता फोम गुंडाळला होता. आता लाकडी खोकं, तळाला शिल्प पट्ट्यांनी जखडलेलं, आणि मोकळ्या जागेत सोयाबीनची गुळी (भुसा) गच्च दाबून.

घरचे विचारणारच, "कशाचं आहे रे हे?" चिडू नका. ब्रांकुशीचा पक्षी १९२६ मधे न्यूयॉर्कला उतरला तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याच्या सामानाच्या यादीत घालून ४० टक्के जकात लावली, हा पक्षी आहे का नाही यावर कोर्टात साक्षी झाल्या, १९२८ मधे निकाल शिल्पाच्या बाजूनं लागला. मी आमच्या वडलांना काही समजावलं नाही, हात धरून दगडावर ठेवला. त्यांनी बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "हिकडून जरा जड वाटायलंय." ते बरोबर होतं, तिथून मी अजून पाव इंच काढला.

काम झाल्यावर चौथऱ्याची उंची कुणाला तरी शिल्पाशेजारी उभं करून ठरवा, मातीत थेट रोवू नका, काळ्या रानात पावसाळ्यात जमीन फुगून ते कललंच समजा. खाली मुरूम भरून पाया घ्या. बेसाल्टला चकाकीसाठी तेल चोपडू नका, धूळ चिकटून महिन्यात मळकं दिसतं, पाण्याखाली पॉलिश पेपर १२०, २२०, ४०० असे चढवत न्या, पायरी गाळू नका. आणि सही नि साल पॉलिशच्या आधी कोरा, पायाजवळ, मागच्या बाजूला.