ऑटोलोगस स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर घरी या चुका टाळा
मायलोमा किंवा लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगांच्या रुग्णाला केमोचा मोठा डोस देऊन, आधी गोठवून ठेवलेल्या त्याच्याच मूळपेशी परत चढवल्या की साधारण 10 ते 14 दिवसांत न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढू लागतात, आणि ‘काउंट आले’ एवढे ऐकून घरचे निर्धास्त होतात. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, कारण काउंट आले तरी लिम्फोसाइट्स या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची घडी पुन्हा बसायला कित्येक महिने लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अंग गरम लागताच पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे. गोळीने ताप उतरतो, संसर्ग नाही. काउंट पुन्हा घसरलेले असतील तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आधी थर्मामीटर लावावा आणि पारा 38 अंश सेल्सिअसला, म्हणजे 100.4 फॅरेनहाइटला पोहोचला की मध्यरात्र असली तरी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. स्टेरॉइड चालू असताना मात्र ताप दबून राहू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नये. छातीतली हिकमन किंवा दंडातली पिक लाइन (औषधांसाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइनने धुतल्यावर, हुडहुडी भरली, तर जंतू लाइनमध्येच असण्याची दाट शक्यता असते. ती पुन्हा न वापरता लगेच कळवावे.

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स बहुधा न्यूट्रोफिल्सच्या मागून वाढतात, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढवणारे अंगदुखीवरचे आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नये.

बरे वाटते म्हणून असायक्लोव्हिर आणि को-ट्रायमॉक्साझोल परस्पर बंद करणारेही पुष्कळ. पहिले औषध नागीण रोखते, दुसरे न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया. एका बाजूला जळजळ होऊन पुरळ उठले, तर गेरूचा लेप लावत बसू नये, कारण नागिणीवरचे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी ठरते. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती.

गावाजवळच्या रुग्णालयात रक्त किंवा प्लेटलेट्स चढवायची वेळ आली तर प्रत्यारोपण झाल्याचे आवर्जून सांगून इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेली) पिशवीच मागावी. लहानपणीच्या लसींचे संरक्षणही या उपचारात बरेचसे ओसरते, त्यामुळे केंद्राच्या वेळापत्रकानुसार त्या पुन्हा घ्याव्या लागतात. गोवरासारखी जिवंत विषाणूची लस मात्र साधारणपणे दोन वर्षांआधी देत नाहीत.