ऐकीव समज समाजशास्त्राच्या कसोटीवर कसा तपासावा

‘मुलगी नको असते ती गरीब आणि अडाणी घरांना, लोक शिकले की हे आपोआप थांबेल,’ असे अनेकजण ठामपणे सांगतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यावर लगेच मान डोलावू नये आणि ते घाईने खोडूनही काढू नये.

प्रथम, हे वाक्य खरे असेल तर काय दिसायला हवे, ते लिहून काढावे. येथे सधन जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण जास्त आणि मागास जिल्ह्यांत कमी दिसायला हवे. मग जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती आहेत, ते पाहावे. २००१ साली साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या कोल्हापुरात हा आकडा ८३९ होता, शेजारच्या सांगलीत ८५१, तर दुर्गम गडचिरोलीत ९६६.

समज येथे डळमळतो. पण ‘म्हणजे श्रीमंतीच कारण’ हा निष्कर्षही तितकाच उतावळा ठरेल, कारण २०११ साली ऊसतोड मजुरांच्या कोरडवाहू बीडमध्ये तो आकडा ८०७ होता. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीवरून एखाद्या घराविषयी काही ठरवणे ही मोठी चूक आहे, आणि ती जाणकारांकडूनही होते.

म्हणून पुढचा प्रश्न माणसांच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा असावा. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते. महाराष्ट्राने याविषयी १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला, तरीही ती पाटी लावावी लागते. मुलगा हवा ही इच्छा जुनी आहे. लहान कुटुंब आणि हाताशी आलेले यंत्र या गोष्टी नव्या आहेत. या तिन्हींची गाठ कोठे पडते, ते शोधावे.

ऐकीव समज मात्र फेकून देऊ नये. तो कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, हेही नोंदवावे. कारण शिकलेला माणूस ही गोष्ट दुसऱ्याच्या घरची म्हणून सांगत असेल, तर तीही अभ्यासाची सामग्रीच असते. मुलाखतीत ‘मुलगा हवा की मुलगी?’ असे थेट विचारल्यास ‘आम्हाला दोन्ही सारखेच’ हे ठरलेले उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते. त्याऐवजी सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, म्हातारपणी कोणाकडे राहणार, आणि पहिली मुलगी असताना दुसऱ्या वेळी दवाखान्यात सोबत कोण गेले होते, हे विचारावे.