द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कोणते आकडे लिहायचे, आणि कशासाठी

हंगाम सुरू झाला की गटातले सगळे मला एकच विचारतात, "ताई, आज किती पेट्या?" हा आकडा सांगायला बरा वाटतो, पण माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात कसा उतरेल ते त्यातून कळत नाही. निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या शेडमध्ये, मी बघते ते आकडे वेगळे आहेत. नव्यानं पॅकहाऊस चालवणाऱ्या गटांसाठी ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी खुडल्यापासून प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट गार करायच्या खोलीत, जाईपर्यंतचा वेळ. प्रत्येक लॉटला, म्हणजे एका प्लॉटमधून एकावेळी आलेल्या मालाला, एक कार्ड लावा. त्यावर प्लॉटचा कोड आणि या चार गोष्टींची वेळ लिहा: माल खुडला, गाडी गेटवर आली, टेबलावर घेतला, प्रीकूलिंगला गेला. मी सहा तासांची हद्द धरते. मार्चच्या उन्हात मण्याआधी देठ सुकतो, आणि देठ तपकिरी दिसला की तिकडे माल शिळाच ठरतो, मग गोडी कितीही असो.

सरासरी काढत बसू नका. समजा दहा लॉटपैकी नऊ चार तासांत गेले आणि एकाला तेरा तास लागले, तरी सरासरी ४.९ तासच येते. फळ्यावर सगळं छान दिसतं आणि क्लेम, म्हणजे आयातदाराची भरपाईची मागणी, त्या दहाव्या लॉटवर येतो. म्हणून फळ्यावर रोज फक्त सगळ्यात उशिराचा लॉट लिहा.

उशीर झाला की आधी ड्रायव्हरच्या नावानं बोंब होते. त्याला बोलण्याआधी कार्ड बघा. गाडी रस्त्यावर अर्धा तास आणि गेटवर दोन तास असं दिसलं, तर दोष ड्रायव्हरचा नाही, आपला. सगळे प्लॉट सकाळी एकदमच खुडायला घेतले की अकराला गेटवर रांग लागणारच. आदल्या संध्याकाळी फोन करून प्रत्येक प्लॉटला खुड्याची वेळ ठरवून द्या. याला एक रुपया लागत नाही, फक्त बागायतदारांचे रुसवे सोसावे लागतात.

तापमान मण्याच्या गराचं मोजायचं, खोलीच्या भिंतीवरचं नाही. बाहेरच्या पेट्या लवकर गार होतात, म्हणून प्रोब थर्मामीटर मधल्या पेटीतल्या मण्यात खुपसा. गर शून्य ते एक अंशावर आल्याशिवाय माल कंटेनरकडे हलवायचा नाही. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, थंड माल थंड ठेवतो. गरम माल थंड करणं त्याचं काम नाही.

मग वजन. ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये (पेटीतल्या छोट्या डब्यात) वाटेतली घट धरून थोडं जास्त भरावंच लागतं, पण किती ते ठरवा आणि तासातासाला काही पनेट काट्यावर ठेवा. ठरल्यापेक्षा १५ ग्रॅम जास्त गेले तर ते तीन टक्के. १३ टनांच्या कंटेनरला ३९० किलो द्राक्षं फुकट गेली! माल भरणाऱ्या बायकांना नुसत्या पेट्यांवर मजुरी दिली, तर काटा आणि निवड दोन्ही घसरतात. म्हणून मी पेट्यांचा आणि तपासणीत निघालेल्या खराब मण्यांचा आकडा एकाच ओळीत लिहिते.

कंटेनर वेळेवर गेला, पूर्ण भरून गेला, कागद बिनचूक होते, हे तिन्ही वेगवेगळं मोजून खूश होऊ नका. तिन्हींत ९५ टक्के असलात आणि चुका वेगवेगळ्या कंटेनरवर झाल्या, तर तिन्ही बाबतीत बिनचूक गेलेले ८५ टक्केच उरतात. कागदांत फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशाचा रिपोर्ट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) आलं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपला माल अडकला होता, ते जुन्या बागायतदारांना सांगावं लागत नाही.

या हद्दी कायमच्या समजू नका. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. तीन-साडेतीन आठवड्यांच्या प्रवासाला चाललेले सहा तास इतक्या लांबच्या वाटेला पुरत नाहीत. अशा मार्गाचं बुकिंग असेल तर मी चारच तास धरते आणि नाजूक साल असलेला प्लॉट त्या कंटेनरला लावत नाही.

क्लेम आला की आयातदाराकडून खराब पेटीच्या लेबलचा फोटो आणि कंटेनरमधलं तापमान टिपणाऱ्या डेटा लॉगरची नोंद मागा. लेबलवरून प्लॉट कळतो, प्लॉटवरून कार्ड सापडतं. कार्डावर साडेतीन तास आणि निघतानाच्या नोंदीत गर शून्यावर असेल, पण लॉगरमध्ये पाच अंश दिसत असतील, तर बागायतदाराच्या बिलातून कापू नका. शिपिंग लाइनशी बोला.