पाहुण्यांची वाट बघणारा रिब रोस्ट

अमेरिकेत नाताळच्या पंगतीला जो भलामोठा, हाडांसकट भाजलेला बीफचा तुकडा मधोमध ठेवतात, तो रिब रोस्ट. माझा पहिला रोस्ट वाया गेला तो पाहुण्यांमुळे. सातला बोलावलेली मराठी मंडळी सव्वाआठला आली आणि तोवर बरोबर सातला तयार झालेलं मांस राखाडी, कोरडं होऊन गेलं. तेव्हापासून मी एकच पद्धत वापरते: आधी मंद आचेवर भाजायचं, मग झाकून ठेवायचं आणि ताटं मांडली की शेवटची आठ मिनिटं कडक आच द्यायची.

आमंत्रण देतानाच प्रत्येकाला विचारा, बीफ चालतं का? गृहीत धरू नका. न खाणाऱ्यांसाठी उरलीसुरली उसळ नको, त्यांच्यासाठीही बेत तेवढाच नीट करा. त्यांच्या पदार्थांचे चमचे, सुरी, चिरायचा पाट वेगळे ठेवा आणि शाकाहारी बटाटे मांसाखालच्या चरबीत परतू नका. ही चूक सहज होते.

खरेदी

एका हाडाला दोन माणसं, हा साधा हिशेब. आपल्याकडे वरण-भात, कोशिंबीर असतेच, त्यामुळे तीन हाडांचा साधारण सात पाउंडांचा तुकडा सात जणांना पुरतो. काउंटरवर दोन गोष्टी सांगायच्या. एक, कमरेकडच्या बाजूचा तुकडा द्या. तिथे मधला गर मोठा आणि एकसंध असतो. खांद्याकडच्या बाजूला मांसाच्या थरांमध्ये चरबी जास्त, चव छान, पण काप नीट पडत नाहीत. दोन, हाडं सोडवून परत दोऱ्याने जागेवर बांधून द्या. आयत्या वेळी सुरीशी झटापट होत नाही.

दुकानात ‘प्राइम रिब’ असं लिहिलेलं असलं तरी ते कापाचं नाव आहे. सरकारी प्रतवारीतला ‘प्राइम’ वेगळा आणि बराच महाग. त्याखालची ‘चॉइस’ प्रत घरच्या जेवणाला पुरेशी आहे.

दोन दिवस आधी

पाउंडामागे एक छोटा चमचा जाडं कोशर मीठ सगळीकडून चोळा. बारीक मीठ असेल तर अर्धाच चमचा. मग जाळीवर ठेवून, न झाकता फ्रिजमध्ये. आपला हात झाकणाकडे जातो, पण इथे वरचा थर सुकायलाच हवा. ओला पृष्ठभाग आधी पाणी उडवण्यात वेळ घालवतो, खरपूस नंतर होतो. मीठही तोवर आत मुरतं. मिरपूड भाजायच्या दिवशी लावा. आलं-लसूण वाटण लावायचा मोह आवरा, शेवटच्या कडक आचेत ते जळून कडू होतं.

त्या दिवशी

आठला जेवायचं असेल तर तीनला ओव्हन २५० अंश फॅरनहाइटला लावून चरबीची बाजू वर ठेवून रोस्ट आत सरकवा. साडेतीन ते चार तास लागतील. घड्याळावर मात्र विसंबू नका. थर्मामीटरची सुई हाडाला न टेकवता बरोबर मध्यात खुपसा. तिथे १२० ते १२५ अंश दिसले की बाहेर काढा. इतक्या मंद आचेवर भाजल्यामुळे कडेपासून मध्यापर्यंत जवळपास सारखाच गुलाबी रंग राहतो. कडक ओव्हनमध्ये बाहेरची इंचभर कड आधीच शिजून कोरडी पडते.

आता वर सैलसर फॉइल टाकून अर्धा ते दीड तास तसाच राहू द्या. पाहुणे पार्किंग शोधत असोत की रस्ता चुकलेले असोत, तो वाट बघतो. या वेळात भांड्यातली चरबी काढून तळाशी चिकटलेल्या खरपुडीवर बीफचा स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून केलेलं पाणी, ओता, खरवडून उकळा. झाला रस.

सगळे टेबलाशी आले की ओव्हन ५०० अंशांवर पूर्ण तापलेला असू द्या, रोस्ट सहा ते दहा मिनिटं आत. चरबी तडतडू लागली, रंग गडद तपकिरी झाला की काढा. आता पुन्हा थांबायची गरज नाही. दोरा तोडून हाडं उचला आणि आडवे, अर्ध्या इंचाचे काप करा.

कुणीतरी हमखास म्हणणार, “अगं, यात रक्त आहे!” ते रक्त नाही, मायोग्लोबिन या प्रथिनामुळे लाल दिसणारं पाणी आहे. पण वाद घालत बसू नका. अमेरिकी सरकारचा सुरक्षिततेचा निकष १४५ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबणं असा आहे. गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं असतील तर त्यांना गुलाबी मांस वाढू नका. त्यांचे काप उकळत्या रसात आतपर्यंत रंग जाईस्तोवर शिजवा. टोकाकडचे कापही जास्त भाजलेले असतात. माझ्या सासूबाई नेहमी तेच मागून घेतात.

बरोबर किसलेलं हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ आंबट क्रीममध्ये कालवून ठेवा, मोहरीसारखं नाकात जातं, आपल्या लोकांना आवडतं.

आणि हाडं कुणाला टाकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला घालून दोन तास मंद उकळा. त्या रश्श्याबरोबर भाकरी.