नोकरीआधीची पडताळणी: कागद जुळत नाहीत म्हणून हातची नोकरी घालवू नका

शिरवळ, सातारा, तासवडे, कुपवड, पलूस. यांपैकी कुठल्याही एमआयडीसीत काम केलेला मुलगा पुण्याच्या मोठ्या कंपनीत निवडला जातो, ऑफर लेटर येते, घरात पेढे वाटले जातात. मग तीन आठवड्यांनी एचआरचा फोन येतो: 'बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे पार्श्वभूमीची पडताळणी) निगेटिव्ह आली, ऑफर रद्द.' यातल्या बऱ्याच जणांनी खोटे काहीच सांगितलेले नसते. पडताळणी करणारी एजन्सी दूरच्या शहरात बसून तुमचा फॉर्म सरकारी आणि खासगी नोंदींशी ताडून बघते. कुपवडमध्ये ठेकेदार दरवर्षी बदलतो किंवा पाटण तालुक्यातल्या वस्तीवर घरांना नंबर नसतात, हे तिथल्या माणसाला ठाऊक नसते. जे जुळले नाही त्यावर तो लाल खूण करतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी आपल्या नोंदी स्वतः बघणे, आणि लाल खूण आलीच तर पुराव्यासह लेखी उत्तर देणे, ही दोन कामे कोणी चुकवू नयेत.

ठेकेदाराच्या जागी कंपनीचे नाव लिहिणे

आपल्या भागात सगळ्यात जास्त नोकऱ्या या चुकीने जातात. तीन वर्षे एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर काम केले, गेटपासवर त्या कारखान्याचे नाव होते, म्हणून बायोडाटात तेच लिहिले जाते. पण पगार ठेकेदाराचा, पीएफ ठेकेदाराच्या कोडवर. एजन्सी कारखान्याच्या एचआरला विचारते तेव्हा उत्तर येते, 'या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता.' अहवालात त्याची नोंद खोटा अनुभव अशी होते.

लिहायची पद्धत अशी ठेवा: मालक म्हणून ठेकेदार फर्मचे नाव, त्यापुढे 'कामाचे ठिकाण' म्हणून कारखान्याचे. ठेकेदार बदलले असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ आणि तारखा. ठेकेदाराने अनुभवाचा दाखला दिला नसेल तर हजेरी कार्ड, गेटपास, ईएसआय कार्ड, पगार जमा झालेले बँक स्टेटमेंट हे सगळे पुरावे जपून ठेवा. काम सोडताना गेटपास परत करावा लागतो, त्याआधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

पीएफचा इतिहास एजन्सीच्या आधी न बघणे

अनुभव तपासताना एजन्सी सहसा यूएएनवरची (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे आजवरच्या नोकऱ्यांची नोंद मागते. तुमच्या १२ अंकी यूएएनने पीएफच्या मेंबर पोर्टलवर 'व्ह्यू' मेनूत ती दिसते. बायोडाटा शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. घोटाळे ठरावीकच असतात.

बाहेर पडल्याची तारीखच भरलेली नसते. मग कागदावर तुम्ही आजही जुन्या ठिकाणी नोकरीला, म्हणजे एकाच वेळी दोन नोकऱ्या. ही तारीख तुम्ही स्वतः भरू शकता: 'मॅनेज' मेनूत 'मार्क एक्झिट', तिथे जुनी नोकरी निवडायची, तारीख आणि कारण द्यायचे, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा. अट एवढीच की शेवटचा हप्ता भरल्यापासून दोन महिने झालेले हवेत, आणि तारीख त्या शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच घ्यावी लागते. घाईत चुकीची तारीख टाकू नका, नंतर ती बदलायचा रस्ता लांबचा आहे.

दुसरा घोटाळा तारखा एकमेकांवर चढण्याचा. जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख महिनाअखेरची टाकली, नव्या ठेकेदाराने रुजू झाल्याची २५ तारीख. पाच-सहा दिवसांसाठी अहवालात दुहेरी नोकरी उमटते. जानेवारी २०२५ पासून आधारने पडताळलेला यूएएन असलेल्या सभासदाला नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख अशा बऱ्याच दुरुस्त्या पोर्टलवरून स्वतः करता येतात. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ पूर्वीचा असेल तर मात्र मालकाची मंजुरी लागते. मालक दाद देत नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक एचआरला कळवा. दुरुस्ती चालू आहे याचा तो लेखी पुरावा असतो.

तिसरा, दोन यूएएन. ठेकेदाराने जुना नंबर न विचारता नवा काढलेला असतो आणि निम्मा अनुभव दुसऱ्या खात्यात अडकतो. ऑनलाइन ट्रान्सफर क्लेम भरून खाती एकत्र करा. हे काम नोकरी शोधायला लागण्याआधी काढा, ऑफर आल्यावर वेळ पुरत नाही.

अप्रेंटिसशिपला नोकरी म्हणणे

अप्रेंटिस कायदा १९६१ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे ते वर्ष पीएफच्या इतिहासात दिसणारच नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचेही तसेच. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना मिळाले, ते विद्यावेतन होते. बायोडाटात 'प्रशिक्षण' असे स्वतंत्र शीर्षक करून तिथे हे लिहा, प्रमाणपत्र जोडा. अनुभव त्याने कमी होत नाही, पण 'नोकरी' म्हटले की पडताळणीत पडतो.

नाव, पत्ता, पदवी

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचे एकच अक्षर. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. फॉर्मवर नाव पॅन-आधारप्रमाणे लिहा आणि 'गुणपत्रिकेवरील नाव' वेगळे द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला जोडावा. राजपत्रात बदल छापला असेल तर ते पानही.

पत्त्यात 'मु. पो.' एवढ्यावर थांबू नका. वस्ती किंवा वाडीचे नाव, जवळची खूण, ज्याच्याकडे विचारपूस होऊ शकेल अशा घरच्या माणसाचा चालू मोबाइल नंबर द्या. तपासनीस दुपारी येतो, घरचे रानात असतात, कुलूप बघून तो परत जातो आणि 'पत्ता सापडला नाही' असे लिहितो. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला स्कॅन करून तयार ठेवा. पडताळणीची लिंक फोनवर आली तर ती त्या घरातच उघडायची असते, कारण ती लोकेशन नोंदवते. पुण्याच्या खोलीवर बसून गावचा पत्ता पडताळता येत नाही.

पदवीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते: अभ्यासक्रम संपल्याचे वर्ष लिहिले जाते, उत्तीर्ण झाल्याचे नाही. एटीकेटी असलेल्यांच्या बाबतीत यात वर्षाचा फरक पडतो. गुणपत्रिकेवर छापलेले वर्षच लिहा. सातारा-सांगलीच्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी शिवाजी विद्यापीठाची असते, तर दहावी-बारावी कोल्हापूर विभागीय मंडळाची. फॉर्ममधल्या 'विद्यापीठ' आणि 'बोर्ड' या रकान्यांत कॉलेजचे किंवा शाळेचे नाव टाकू नका, चौकशी चुकीच्या दारात जाते. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका उपलब्ध असेल तर तीच द्या, ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे.

दुसऱ्याचा खटला आपल्या नावावर

एजन्सी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेते. पाटील, जाधव, पवार, शिंदे, माने यांपैकी आडनाव आणि नेहमीचे नाव असेल तर आपल्याच जिल्ह्यात त्या नावाचे अनेक जण निघतात, आणि कोर्टाच्या यादीत बहुतेकदा जन्मतारीख नसते. एजन्सीने 'खटला आढळला' म्हटले तर सर्वात आधी १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) मागा. त्यावरून पक्षकाराचे पूर्ण नाव, कोर्ट आणि कायद्याचे कलम कळते, आरोपीचे वय व पत्ता प्रकरणाच्या कागदांत मिळतो. वडिलांचे नाव किंवा गाव वेगळे असेल तर तो फरक लेखी दाखवा आणि सोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला द्या. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, तो पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळतो आणि अर्ज ऑनलाइन होतो. मधली काही वर्षे पुण्यात राहिला असाल तर त्या काळासाठी तिथला वेगळा दाखला लागेल.

खटला खरोखर तुमचाच असेल तर तो कसला आहे ते सांगा. इकडे वाटपाच्या आणि वहिवाटीच्या दाव्यांत घरातल्या सगळ्यांची नावे प्रतिवादी म्हणून घातली जातात, नुकत्या सज्ञान झालेल्या पोराचेही. हा दिवाणी दावा, गुन्हा नव्हे. दाव्याची पहिली दोन पाने जोडली की समजूतदार एचआरचे समाधान होते. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला मात्र फौजदारी स्वरूपाचा आहे, तो दिवाणी म्हणून खपवू नका.

आंदोलनातल्या गुन्ह्यांकडे खास लक्ष द्या. ऊसदराच्या किंवा आरक्षणाच्या आंदोलनात नाव आले, पुढे 'सरकारने गुन्हे मागे घेतले' अशी बातमी वाचली, आणि विषय संपला असे मुले धरून चालतात. सरकारने ठरवल्यावर सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तो आदेश झालेला नसेल तर खटला चालूच आहे. आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. गुन्हा रद्द करून घ्यायला आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात सुरू आहे आणि सातारा, सांगली त्याच्याच कक्षेत येतात.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) 'अटक झाली होती का', 'गुन्हा नोंद आहे का', 'खटला प्रलंबित आहे का', 'शिक्षा झाली का' हे वेगवेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलेला माणूस चारही ठिकाणी 'नाही' लिहितो आणि अडकतो. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किरकोळ प्रकरणातली लपवाछपवी नियोक्ता माफ करू शकतो, पण माहिती खरी आणि पूर्ण देणे ही उमेदवाराची जबाबदारी आहे. गुन्ह्यापेक्षा तो लपवल्याने जास्त नोकऱ्या गेल्या आहेत. जे विचारले त्याचे खरे उत्तर द्या आणि निकालाची प्रत जोडा.

बँकेत नोकरीला जाणाऱ्यांनी क्रेडिट अहवालही (कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद) आधी बघावा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. भावकीतल्या कोणाच्या बँक कर्जाला जामीन राहिला असाल तर त्याची थकबाकी तुमच्या अहवालात दिसते. चुकीची नोंद असेल तर तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी लागते, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

'बीजीव्ही निगेटिव्ह' ऐकून गप्प बसणे

भारतात खासगी पार्श्वभूमी तपासणीसाठी स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कंपनी आपणहून अहवाल देईल अशी वाट बघू नका, मागा. 'पडताळणी होऊ शकली नाही' आणि 'माहिती चुकीची आढळली' हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत आणि घाईतला एचआर दोन्ही एकाच रकान्यात टाकतो. तुमच्या बाबतीत कोणता आहे ते विचारा. फोनवर वाद घालू नका, त्याच दिवशी मेल करा:

'माझ्या पडताळणीत कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या नोंदीमुळे आक्षेप आला ते कृपया लेखी कळवावे. अहवालाचा तो भाग मिळावा. मी सात दिवसांत पुरावे सादर करतो. तोपर्यंत अंतिम निर्णय घेऊ नये, ही विनंती.'

उत्तर देताना एका आक्षेपाला एक परिच्छेद आणि एक-दोन पुरावे पुरतात. पन्नास पानांची फाइल कोणी उघडत नाही. जुना मालक एजन्सीच्या मेलला उत्तर देत नसेल तर तसे सांगा आणि पर्याय म्हणून पीएफ पासबुक, फॉर्म १६ किंवा बँक स्टेटमेंट द्या. आणि शक्य असेल तर सध्याची कंपनी सोडून बाकीची पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. सध्याच्या कंपनीत चौकशी शेवटच्या दिवसानंतरच करावी, असे फॉर्मवर स्पष्ट लिहा.

जिथे दोष कंपनीचाच असतो

मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे, कोरे चेक, तारीख नसलेला सही केलेला राजीनामा, 'युनिफॉर्म डिपॉझिट' किंवा 'रजिस्ट्रेशन फी'. यांपैकी काहीही मागितले तर देऊ नका. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, ठेवायची ती फक्त झेरॉक्स, तिच्यावर 'फक्त अमुक कंपनीच्या पडताळणीसाठी' असे तारखेसह लिहून. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

बाँडबद्दल (ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार) दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. 'बाँडला काही अर्थ नसतो' हे खरे नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. पण भरती-प्रशिक्षणाच्या खर्चाशी संबंध नसलेली मनमानी रक्कम तशीच वसूल होईल असेही नाही. सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि प्रशिक्षण कोणते, हे तिन्ही कागदावर आहे का बघा.

मुलाखतीत 'लग्न कधी, मूल कधी' हे प्रश्न अजूनही सर्रास विचारले जातात. भरतीत लिंगावरून भेदभाव करायला वेतन संहितेने मनाई केली आहे. एचआयव्ही चाचणी ही नोकरीची अट करता येत नाही, तसा २०१७ चा कायदा आहे. खासगी कंपनीला तुम्हाला घ्यायला भाग पाडणे कठीण असते हे मान्य, तरीही प्रश्न विचारल्याची तारीख, वेळ आणि विचारणाऱ्याचे पद त्याच दिवशी टिपून ठेवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू आहेत. नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे आणि राजीनाम्यानंतरचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. जुना मालक पगार आणि रिलीव्हिंग लेटर अडवून बसला असेल तर आधी मेल, मग पोचपावतीसह रजिस्टर पत्र, मग सातारा किंवा सांगलीच्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

लहान कारखानदारांसाठी

उमेदवाराच्या सध्याच्या मालकाला ओळखीवर फोन लावून 'पोरगा कसा आहे' विचारू नका. त्या एका फोनने त्याची चालू नोकरी जाते आणि तुमच्याकडचीही अजून पक्की नसते. संमती लेखी घ्या. नावाबरोबर वडिलांचे नाव आणि जन्मतारीख किंवा पत्ता जुळल्याशिवाय कोर्टाची नोंद त्याच्या माथी मारू नका. आक्षेप त्याला कळवून किमान पाच कामकाजाचे दिवस द्या. वेल्डरच्या कामाशी संबंध नसलेल्या जुन्या जमिनीच्या दाव्यावरून त्याला नाकारण्यात कारखान्याचाही तोटा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर निदान एवढे सुरू करा: निवड न झालेल्यांची आधार-पॅनची चित्रे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढून टाका, आणि हे काम कोणाकडे आहे ते नावानिशी ठरवा.