शब्बाथला तेलाचा दिवा लावताय? या चुका टाळा

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावलेल्या शब्बाथच्या दिव्याला नंतर हात लावायचा नसतो. वात सारायची नाही, तेल घालायचं नाही, दिवा कलता करायचा नाही. मेणबत्तीऐवजी मातीचा दिवा लावणारे नेमकं हेच विसरतात आणि तासाभरात ज्योत फडफडू लागली की चुळबुळ सुरू होते. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमग्रंथात तेल आणि वात यांचे नियम इतके बारकाईने दिले आहेत, ते यासाठीच.

हाताशी आहे म्हणून एरंडेल ओतू नका. दाट तेल वातीत नीट चढत नाही. डांबर, मेण, चरबी दिव्यात घालायलाही मिश्नात मनाई आहे. मिश्नातले एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, तारफोन यांना फक्त ऑलिव्हचं तेल मान्य होतं, पण इतरांनी तीळ, मुळा, अगदी माशाचं तेलही चालवून घेतलं. त्यामुळे ऑलिव्ह महाग पडत असेल तर तिळाचं खुशाल वापरा. कोकणातले बेने इस्रायल ज्यू स्वतःच घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

वात सुती हवी. न पिंजलेलं जवसाचं सूत किंवा कच्चं रेशीम नको. दिव्याच्या तोंडात वात घट्ट कोंबली तर तेल चढत नाही, जास्त बाहेर काढली तर काजळी धरते.

दिवा रात्रभर पुरावा म्हणून अंड्याच्या कवचाला भोक पाडून, त्यात तेल भरून ते दिव्याच्या तोंडावर ठेवायची युक्ती तेव्हाही होती. मिश्नात तिला मनाई आहे: त्यातलं तेल कुणी काढून घेतलं तर ते दिवा लवकर विझवल्यासारखंच. रब्बी यहूदांनी मात्र मुभा दिली. कुंभारानेच ते भांडं दिव्याला जोडून घडवलं असेल, तर कुणाचीच हरकत नाही. मला हा भेद फार आवडतो.

खोदकामात सापडलेला अस्सल जुना दिवा मात्र कधीच पेटवू नका. तेलाने माती कायमची डागाळते.

शब्बाथचे नियम हनुक्काला, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, जसेच्या तसे लावू नका. त्या दिव्याच्या उजेडात काम करायचं नसतं, म्हणून मिश्नावरच्या चर्चेच्या तालमूद या ग्रंथात रव नावाच्या पंडितांनी शब्बाथला वर्ज्य असलेली तेलं आणि वाती तिथे चालवून घेतल्या. पण अनेकांसाठी मिळून एकाच वाटीत तेल घालून कडेने वाती लावल्यात, तर वर भांडं झाका. नाहीतर ज्योती एकमेकींत मिसळून जाळ होतो आणि तो एका माणसाचाही दिवा धरला जात नाही.