ऑफिसचा डेटा रॅन्समवेअरपासून वाचवायचा तर बॅकअप असा घ्या

"चांगला अँटिव्हायरस टाका, मग काळजी नाही" हा सल्ला देणं बंद करा. रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप लावून ते उघडायला पैसे मागणारा प्रोग्रॅम. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी पंधरा वर्षं सांभाळतोय. सगळ्या फायलींना कुलूप लागून पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली, त्या प्रत्येक ठिकाणी अँटिव्हायरस होताच.

पहिलं काम, अपडेट. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ते मशीन बदलायला काढा.

दुसरं, रोजचं काम अ‍ॅडमिनच्या (मशीनवर काहीही बदलायची मुभा असलेल्या) खात्यातून करू नका.

आता बॅकअप. इथेच माणसं फसतात, मीही फसलो होतो. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी बाहेरची हार्ड डिस्क मशीनला जोडून दिली आणि रोज रात्री आपोआप कॉपी होईल असं लावलं. डिस्क कायम मागे लटकलेली. ऐन मार्चअखेरीला हल्ला झाला. मशीनला जी डिस्क दिसते ती हल्लेखोराच्या प्रोग्रॅमलाही दिसते, त्यामुळे मूळ फायलींबरोबर बॅकअपही गेला. त्या ऑफिसातल्या बाईंनी वर्षभराची व्हाउचरं पुन्हा हातानं भरली. म्हणून सांगतो, जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल ड्राइव्हचं सिंक (इथला बदल आपोआप तिथे उतरवणं) हेही बॅकअप नव्हे, कारण इथली बिघडलेली फाइल तिथल्या चांगल्या फायलीच्या जागी जाऊन बसते. जुनी आवृत्ती काही दिवस मिळते, पण त्यावर धंदा टांगू नका.

दोन डिस्क घ्या. एकीवर 'सम', दुसरीवर 'विषम' असं मार्करनं लिहा आणि आठवड्याआड वापरा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आधी बंद करा, कॉपी घ्या, 'इजेक्ट' करून डिस्क काढा. एक डिस्क ऑफिसच्या कपाटात राहील, दुसरी मालकांच्या घरी. दोन्ही एकाच वेळी मशीनला लावायच्या नाहीत, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

एवढं करूनही अर्धंच काम झालं. पुढे एका ठिकाणी डिस्क नेमानं काढली-लावली जात होती, तारखांची वही होती. मी सहज फोल्डर उघडून बघितलं तर हिशेबाच्या फायलीसमोर आकार फक्त २ केबी! कॉपी होत होता डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, ज्याच्या कोपऱ्यात तो छोटा बाण असतो. खरा डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर पडून होता आणि सात महिने त्याची एकही प्रत निघाली नव्हती. हल्ला व्हायच्या आधी हे कळलं म्हणून ते ऑफिस वाचलं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्याच मशीनवर उतरवा. मूळ मशीनवर मुळीच नको, चुकून चालू डेटावर जुना चढेल. टॅलीत कंपनी उघडा, कालचं शेवटचं व्हाउचर सापडतंय का बघा, शिलकी रक्कम ताळेबंदाशी जुळवा. "कॉपी यशस्वी झाली" या संदेशावर विश्वास ठेवू नका. कसली कॉपी झाली, हे तो सांगत नाही.

पैसे भरून सुटू, असंही कुणी मनात धरू नका. २७ जून २०१७ ला आलेल्या नॉटपेट्या या अशाच खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फायली परत मिळण्याची सोयच नव्हती. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं कामकाज त्यानं जगभर कोलमडवलं आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं.

हल्ला झालाच तर आधी नेटची वायर उपसा, वायफाय बंद करा, चिठ्ठीचा फोटो काढा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावू नका. मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलले, की मगच ती कपाटातून काढा.